केल की कोलार्ड: रोपाच्या पट्टीवर नाव कसं लिहायचं

केल आणि कोलार्ड या कोबीच्या नात्यातल्या, सुट्या पानांच्या भाज्या. ‘केल’ असं छापलेल्या बियांच्या पाकिटातून तीन वेगवेगळ्या जातींपैकी कुठलीही वनस्पती उगवू शकते. व्हरायटीचा फरक नव्हे, जातीचाच फरक. पेशीतल्या गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांची, संख्यासुद्धा जुळत नाही इतका. पाकिटावर पानाचं चित्र असतं, मागे पेरणीची खोली आणि अंतर असतं, आणि नावाच्या जागी एकच शब्द असतो. त्या एका शब्दावर गच्चीतली बाग उभी करायची म्हणजे पुढे काय होणार ते नशिबावर सोडणं आहे.

सोलापुरात विजापूर रोडला माझी रोपवाटिका आहे. ती चालते मिरची, वांगी, टोमॅटोच्या रोपांवर. केल आणि कोलार्डचे ट्रे मी नवरात्रात भरते ते जुळे सोलापुरातल्या गच्चीबागवाल्यांसाठी, सॅलडची पानं मागणाऱ्या हॉटेलांसाठी, आणि मला स्वतःला ही झाडं फार आवडतात म्हणून. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक रोपासोबत नावाची पट्टी जाते आणि त्या पट्टीवर तीन गोष्टी असतात: जाती, गट, वाण. ही पट्टी कशी लिहायची, तेच इथे सांगते. मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. डोळे, अंगठा, जीभ आणि सराफाकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढ्यावर बरंचसं काम होतं.

नाव नीट असल्याने आपल्या गावात तर फारच फरक पडतो. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागलं की कुरळ्या पानांचा केल दमतो. पानं चिवट आणि कडवट होतात. सपाट पानांचं कोलार्ड शेडनेटखाली त्यानंतरही पानं देत राहतं, कारण उष्णता सोसण्यात ते या घराण्यात बऱ्यापैकी काटक आहे. आणि पाकिटात मोहरीच्या जातीचं काही निघालं तर ते थंडीतच फुलावर जातं आणि पानांचा हंगाम आटोपतो. तिन्हींना ‘केल’ म्हणून एकाच कुंडीत एकच वागणूक दिली तर दोघांवर अन्याय होतो.

नावांच्या घोळाची सोलापूरकरांना सवय आहे. मंडईत अंबाडी मागणारी, पुंडी मागणारी आणि गोंगुरा मागणारी बाई एकाच ढिगापुढे उभी असते आणि कुणाचं काही अडत नाही, कारण पाला समोर दिसतो. बियांच्या बाबतीत तसं नाही. केल, मोहरी, कोबी, सगळ्यांचं बी बारीक, गोल, गडद तपकिरी. बी बघून ओळखू असं समजू नका.

आधी घराणं ओळखा

सुरुवात मंडईपासून करा. लक्ष्मी मंडईत जाऊन एक नवलकोल पाल्यासकट घ्या, एक कोबी घ्या, आणि फ्लॉवरवाल्याकडून तो काढून टाकतो ती बाहेरची पानं मागून घ्या. तिन्ही पानं शेजारी ठेवून त्यांच्यावर पाण्याचे थेंब टाका. थेंब पसरत नाहीत, गोळी होऊन घरंगळतात. पानावर पांढुरकी निळसर झाक असते. अंगठ्याने चोळलं की ती निघते आणि खालचा गर्द हिरवा रंग दिसतो. तो मेणाचा थर आहे. आता पान उलटं करून भिंगातून बघा, लव कुठेही नाही. शिरा जाड, देठ दणकट, स्पर्श कातड्यासारखा.

तिन्ही पानं सारखी वाटतात, कारण ती एकाच जातीची आहेत. ब्रॅसिका ओलेरेसिया. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, ब्रसेल्स स्प्राउट, कुरळा केल, कोलार्ड, सगळी हीच एक जाती. लिनियसने १७५३ साली हे नाव छापलं, म्हणून शास्त्रीय नावाच्या शेवटी ‘एल.’ असं त्याच्या नावाचं आद्याक्षर येतं. मूळ रानटी झाड पश्चिम युरोपच्या समुद्रकाठच्या कड्यांवर आजही दिसतं. मात्र माणसाने ते प्रथम लागवडीत आणलं ते पूर्व भूमध्यसागराच्या बाजूला असावं, असं २०२१ च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. त्यात सगळ्यात जवळची रानटी नातलग म्हणून ब्रॅसिका क्रेटिका ठरली.

एकाच झाडाचे इतके अवतार का, हे कळलं की गट लक्षात ठेवणं सोपं जातं. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या झाडाचा एकेक अवयव निवडत नेला. शेंड्याची कळी मोठी करत नेली, कोबी झाला. पानांच्या बगलेतल्या कळ्या वाढवल्या, ब्रसेल्स स्प्राउट. खोड फुगवलं, नवलकोल. फुलोरा दाट केला, फ्लॉवर आणि ब्रोकोली. आणि जिथे माणसाला पानंच हवी होती, तिथे केल आणि कोलार्ड. म्हणजे केल हा या घराण्यातला मुळाशी जवळचा चेहरा आहे. गड्डा नाही, गाठ नाही, खोडावर सुटी पानं.

हे सगळं ज्या कुलात येतं त्याचं नाव ब्रॅसिकेसी. जुन्या पुस्तकांत क्रुसिफेरी असं सापडेल. दोन्ही नावं नियमाला धरून आहेत. फुलाला क्रुसासारख्या चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब नि दोन आखूड, आणि फळ म्हणजे शेंग. मुळा, मोहरी, अहाळीव हीसुद्धा याच कुलातली.

जाती: तीन नव्हे, सहांचा हिशेब

पट्टीवरची पहिली ओळ जातीची. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

रोप दोन खऱ्या पानांवर आलं की तपासणी सुरू करायची. उगवताना येणारी बदामी आकाराची दोन दळं धरू नका, ती या सगळ्यांत सारखीच दिसतात. त्यानंतरचं पहिलं-दुसरं पान सकाळच्या तिरप्या उन्हात धरा आणि कडेने भिंग लावा. पान गुळगुळीत, निळसर, लवेचा मागमूस नाही, तर ब्रॅसिका ओलेरेसिया. पान तजेलदार पोपटी, अंगावर बारीक राठ लव, मेणाची झाक नाही, तर मोहरीची जाती ब्रॅसिका जुन्सिया किंवा सलगम-पाकचॉयची जाती ब्रॅसिका रापा. आणि पान निळसर आहे पण कडेला, शिरेवर तुरळक केस दिसताहेत, तर ब्रॅसिका नेपसचा संशय घ्या.

यानंतर एक तुकडा चावा. जुन्सियाचं पान नाकात झणका आणतं, मोहरी वाटताना येतो तोच. ओलेरेसियाचं पान कोबीसारखं सौम्य, किंचित गोडसर लागतं. नेपस त्याहून मऊ आणि पातळ.

केलच्या बाबतीत खरा पेच नेपसचा आहे. ‘रेड रशियन’ आणि ‘सायबेरियन’ या नावाने विकले जाणारे केल ओलेरेसिया नव्हेतच, ते ब्रॅसिका नेपस. आपल्याकडे उत्तरेत जिला गोभी सरसों म्हणतात ती, तेलाची कॅनोला आणि युरोपातला रुटाबागा नावाचा कंद, यांच्या रांगेतलं हे झाड. ‘रेड रशियन’ ओळखायला सोपा: पान ओकच्या पानासारखं खोल कातरलेलं, शिरा आणि देठ जांभळट, पान राखाडी-निळसर आणि हाताला मऊ. गच्चीबागवाल्यांना मी हाच आधी देते, कारण कच्चा खायला तो चांगला. पण पट्टीवर त्याला कुरळ्या केलच्या ओळीत बसवत नाही.

आता त्या गुणसूत्रांकडे येऊ. हा भाग मला इतका आवडतो की गिऱ्हाईक घाईत असलं तरी मी सांगतेच. ब्रॅसिकाच्या तीन मूळ जाती आहेत. नायग्रा म्हणजे काळी मोहरी, तिच्या पेशीत १६ गुणसूत्रं. ओलेरेसियात १८. रापात २०. या तिघींच्या जोड्या निसर्गात जुळल्या आणि प्रत्येक जोडीत दोघींची गुणसूत्रं पूर्ण उतरली. नायग्रा आणि रापा मिळून १६ अधिक २०, म्हणजे ३६: ही आपली फोडणीची मोहरी, जुन्सिया. ओलेरेसिया आणि रापा मिळून ३८: नेपस. नायग्रा आणि ओलेरेसिया मिळून ३४: कॅरिनाटा, म्हणजे इथिओपियाची मोहरी, जिची पानं तिकडे भाजीला वापरतात आणि जिला भारतात करण राई म्हणतात. तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती आणि तीन बाजूंवर तीन संकरित जाती मांडल्या की त्रिकोण होतो. ऊ जांग-चुन या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये हे मांडलं. वडील कोरियन, आई जपानी. संशोधन जपानमध्ये केलं, आणि १९५० मध्ये कोरियात जाऊन १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथल्या भाजीपाल्याच्या बियाण्यावर काम केलं. हा त्रिकोण आजही त्यांच्या नावाने ‘यूचा त्रिकोण’ म्हणून शिकवला जातो. माझ्या शेडच्या भिंतीवर तो खडूने काढलेला आहे.

म्हणजे ‘केल’ या शब्दाखाली ओलेरेसिया, नेपस आणि कॅरिनाटा अशा तीन जाती येतात: १८, ३८ आणि ३४. यांतल्या प्रत्येक झाडात ओलेरेसियाचा वाटा आहे, म्हणून त्या एकमेकींसारख्या दिसतात. आणि दुसरा वाटा वेगळा आहे, म्हणून त्या एक नाहीत.

केल नाव लावलेली आणखी दोन झाडं इथेच वेगळी काढा. ‘सी केल’ ही क्रॅम्बे मॅरिटिमा, प्रजातीच (नावाचा पहिला शब्दच) वेगळी. ‘चायनीज केल’ किंवा काय-लान मात्र ओलेरेसियाच, फक्त गट वेगळा. मॉलमध्ये ‘चायनीज कॅबेज’ म्हणून मिळणारा लांबट गड्डा नावाने कोबी असला तरी तो रापा आहे, ओलेरेसिया नाही.

मेणाची कसोटी एका ठिकाणी दगा देते, तेवढं लक्षात ठेवा. ‘ग्रीन ग्लेझ’ नावाचं जुनं अमेरिकन कोलार्ड आहे, त्याच्या पानावर मेणाची झाकच नसते. पान तेल लावल्यासारखं चकाकतं. आहे ते ओलेरेसियाच. म्हणून मेण नाही एवढ्यावर निकाल देऊ नका. लव आणि चव दोन्ही बघा.

गट: केल कुठे संपतो, कोलार्ड कुठे सुरू होतं

ओलेरेसिया ठरलं की दुसरी ओळ गटाची. इथे पुस्तकांत आणि पाकिटांवर दोन पद्धती दिसतील आणि त्या दोन्ही वाचता यायला हव्यात.

एक पद्धत जुनी: ‘ब्रॅसिका ओलेरेसिया व्हरायटी ॲसेफाला’. हे नाव द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाचं, म्हणून पुढे ‘डीसी.’ असं लिहितात. गड्डा नसलेल्या सगळ्या पानभाज्या त्याने यात घातल्या. त्याच्याही आधी लिनियसने सपाट पानांच्या झाडाला विरिडिस आणि कुरळ्या पानांच्या झाडाला सबेलिका अशी नावं दिलेली होती. इथली ‘व्हरायटी’ म्हणजे आपण दुकानात म्हणतो ती व्हरायटी नव्हे. ती जातीच्या खालची वनस्पतिशास्त्रातली पायरी आहे.

दुसरी पद्धत लागवडीच्या झाडांसाठी खास केलेली. रानटी झाडांच्या नावांचे नियम एका संहितेत आहेत, आणि माणसाने निवडून घडवलेल्या झाडांसाठी १९५३ पासून स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यात ‘ग्रुप’ ही पायरी आहे. त्याप्रमाणे तेच झाड ‘ब्रॅसिका ओलेरेसिया ॲसेफाला ग्रुप’ असं लिहिलं जातं. कोबी कॅपिटाटा ग्रुप, फ्लॉवर बॉट्रिटिस ग्रुप, ब्रोकोली इटालिका ग्रुप, नवलकोल गोंगायलोडेस ग्रुप, ब्रसेल्स स्प्राउट जेम्मिफेरा ग्रुप, काय-लान अल्बोग्लॅब्रा ग्रुप.

पट्टीवर मी ग्रुप लिहिते आणि तुम्हीही तेच लिहा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सरळ आहे. कोबी आणि केल यांच्यातली भिंत निसर्गाने घातलेली नाही. दोघांचा संकर सहज होतो. वेगळेपण माणसाच्या निवडीतून आलं आहे, आणि ‘ग्रुप’ हा शब्द तेवढंच म्हणतो. शिवाय ॲसेफाला हा दिसण्यावरून केलेला गट आहे. डीएनए तपासल्यावर सगळे केल एका फांदीवर येत नाहीत. कुरळा केल, टस्कन केल आणि कोलार्ड यांच्या वाटा वेगवेगळ्या निघतात.

तरी पण नुसतं ॲसेफाला लिहून थांबायचं नाही, कारण आपल्याला कुरळा आणि सपाट यांतला फरक हवा आहे. म्हणून त्यापुढे बारीक नाव जोडते. ते ठरवण्यासाठी झाडाला निदान आठ-दहा पानं येऊ द्या आणि मधल्या उंचीवरचं पूर्ण वाढलेलं एक पान देठासकट तोडा.

पान गोलसर किंवा लंबगोल, सपाट, कडेला हलकी लाट, देठ लांब आणि बराचसा उघडा: विरिडिस, म्हणजे कोलार्ड. अमेरिकेच्या दक्षिणेकडची ही रोजची भाजी. पोर्तुगालमधल्या काल्दो व्हेर्दे या सुपात आणि ब्राझीलमध्ये फेजोआदा या पदार्थासोबत पडतात ती पानंही अशीच. इथे एक खरी अडचण येते. कोबीचं कोवळं रोप आणि कोलार्डचं रोप फार सारखं दिसतं. कोबीची आतली पानं लवकरच वाटीसारखी आत वळतात आणि त्यांचे देठ आखूड होत जातात. कोलार्डची पानं बाहेर पसरतात आणि देठ लांब राहतात. आठ पानांच्या आत हा निकाल लावू नका. आणि ‘मॉरिस हेडिंग’सारखी काही कोलार्डं मध्यभागी सैलसर गड्डा धरतात, त्याला बघून कोबी समजू नका.

पानाची कड झालरीसारखी दुमडलेली: सबेलिका, कुरळा केल. पानाच्या मध्यापेक्षा कड जास्त वेगाने वाढते, तिला जागा पुरत नाही, म्हणून ती मुरडते. मेथीतली माती निघते तशी यातली निघत नाही. पान उलटं धरून धारेखाली झटकावं लागतं आणि मावा ही कीडही त्याच मुरडीत लपते.

पान लांब पट्ट्यासारखं, काळपट हिरवं, पृष्ठभागावर फुगीर पुरळ, कडा मागे वळलेल्या, आणि खालची पानं तोडत गेलात की उंच खोडावर वरती झुबका: पाल्मिफोलिया. टस्कन केल, लॅसिनाटो, ब्लॅक केल, डायनोसॉर केल, कावोलो नेरो, ही सगळी याच प्रकाराची बाजारातली नावं. पाच नावांची पाच पाकिटं घेऊन येणारी माणसं मी पाहते, आणि एक घेतलं तरी पुरे असं त्यांना सांगावं लागतं.

बाकीचे प्रकार इथे क्वचित येतात. जाड पांढरी मध्यशीर असेल तर कॉस्टाटा, पोर्तुगीज प्रकार. खोड मधे फुगलेलं, आत भेंड, तर मेडुलोसा, गुरांचा चारा. जर्सी बेटावर तर केलचा एक उंच प्रकार वाढवून त्याच्या वाळलेल्या खोडाच्या चालायच्या काठ्या करतात.

हाकबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं फौजेत आहेत आणि काश्मीरहून येताना बी घेऊन येतात. काश्मिरी हाक म्हणून जी रोजची भाजी श्रीनगरच्या घराघरात शिजते ती ब्रॅसिका ओलेरेसिया, ॲसेफाला ग्रुप, आणि पानाच्या ठेवणीने कोलार्डच्या अंगाची. परदेशातून बी मागवायच्या आधी हे हाकचं बी लावून बघा, असं मी आवर्जून सांगते. आपल्याच देशात ही पानं पिढ्यान् पिढ्या खाल्ली जात आहेत. पण पट्टीवर नुसतं ‘हाक’ लिहू नका. काश्मीरमध्ये मोंज हाक म्हणजे पाल्यासकट नवलकोल, आणि वोपल हाक तर या कुलातलंच नाही, ते डिप्सॅकस नावाचं डोंगरातलं वेगळंच झाड आहे. म्हणून रोप आलं की वरची लवेची आणि मेणाची तपासणी करायची आणि मगच ओळ लिहायची.

परदेशातल्या मुला-भावंडांकडून टपालाने बी मागवणाऱ्यांना एक सूचना: २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे बाहेरून बी आणायला परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात टाकून पाठवलं म्हणजे झालं, असं नाही. रोग आणि किडी अशाच वाटेने येतात.

वाण आणि पट्टी

तिसरी ओळ वाणाची. वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हात लिहितात: ‘जॉर्जिया सदर्न’, ‘व्हेट्स’, ‘विंटरबोर’, ‘ड्वार्फ ब्ल्यू कर्ल्ड’, ‘नीरो दी तोस्काना’. १ जानेवारी १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन नाव देता येत नाही, चालू भाषेतलंच द्यावं लागतं. म्हणून वाणाची नावं अशी साधी असतात. ‘व्हेट्स’ हे व्हर्जिनियातल्या एका संशोधन केंद्राच्या आद्याक्षरांवरून आलेलं नाव आहे. ‘विंटरबोर’ संकरित, एफ-१, म्हणजे संकराची पहिली पिढी. त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी सारखी येत नाही. हे एफ-१ पट्टीवर जरूर लिहा. ‘बेबी केल’ हा वाण नव्हे, ते पान तोडण्याचं वय आहे. ‘सुपर’, ‘प्रीमियम’ ही विकणाऱ्याची विशेषणं, ती गाळा.

रोमन लिपीत पट्टी लिहिणार असाल तर प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली रेघ. छापताना तीच तिरपी अक्षरं होतात. गटाचं नाव आणि वाण यांच्याखाली रेघ नाही. पट्टी अशी दिसते:

ब्रॅसिका ओलेरेसिया
ॲसेफाला ग्रुप, विरिडिस
‘जॉर्जिया सदर्न’
पेरणीची तारीख, बी कुठून आलं

शेवटची ओळ कुठल्या नियमात नाही, पण मला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते. मार्करने लिहू नका. आपल्या उन्हात मार्करची शाई हंगामभरही टिकत नाही. साध्या शिसपेन्सिलीने खरखरीत प्लास्टिकच्या पट्टीवर लिहा. शिसं उन्हाने उडत नाही. रोपांच्या ट्रेला एका कोपऱ्यात एक आणि रोप कुंडीत गेलं की मातीत खोचलेली दुसरी, अशा दोन पट्ट्या ठेवा.

नवरात्रात पेरलं की महिन्याभरात रोप लावणीला येतं आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पानं तोडायला मिळतात. कोलार्डची मोठी पानं मिळाली तर एकदा अळूवडीसारखी वडी करून बघा: डाळीचं पीठ, चिंच, गूळ, तीळ, देठाची शीर तासून घ्यायची, बाकी सगळं तसंच. अळूची खाज यात नसते.

फुलं बघून जाती ओळखण्याची वाट आपल्याकडे बहुधा बंद असते. केल आणि कोलार्ड यांना फुलावर यायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, साधारण १० अंशांखालची. सोलापूरच्या हिवाळ्यात ती सलग मिळत नाही, म्हणून झाड पानांतच राहतं. पण काय-लान आणि मोहरी इथेही फुलतात, तेव्हा त्यांच्यावर डोळा तयार करा. ओलेरेसियात न उमललेल्या कळ्या उमललेल्या फुलांच्या बऱ्याच वर असतात आणि फुलाबाहेरची हिरवी दलं उभी चिकटलेली असतात. रापात उमललेली फुलं कळ्यांना झाकून वर येतात आणि ती दलं बाहेर पसरतात. वरच्या पानांचा बुंधा रापात खोडाला पुरता कवेत घेतो. जुन्सियात घेतच नाही.

महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणी कुणाचं झाड फुललं आणि बी धरायचं मनात आलं, तर आजूबाजूला किलोमीटरभरात फुललेला कोबी, नवलकोल किंवा ब्रोकोली नाही ना ते पाहा. या सगळ्यांचे पराग मधमाश्या बिनदिक्कत इकडून तिकडे नेतात. शिवाय ओलेरेसियाचं झाड सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही. एकच झाड ठेवून भागत नाही, एकाच वाणाची बरीच झाडं एकत्र फुलावी लागतात.

पट्टी हरवली किंवा बी कुणाकडून तरी पुडीत आलं, तर वाणाच्या जागी अंदाजाने नाव टाकू नका. जाती आणि गट झाडावरून कळतो. वाण बहुतेक वेळा झाडावरून कळत नाही, तो बियांच्या पुडीसोबतच यावा लागतो. अशा वेळी ‘ब्रॅसिका ओलेरेसिया, ॲसेफाला ग्रुप, सबेलिका, वाण माहीत नाही’ एवढं लिहा. ही पूर्ण आणि बरोबर पट्टी आहे. ओळखण्यासाठी माझ्याकडे फोटो पाठवणार असाल तर चार पाठवा: संपूर्ण झाड बाजूने, मधलं पान देठासकट मोजपट्टी शेजारी ठेवून, त्याच पानाची मागची बाजू उन्हात, आणि शेंडा वरून. नुसत्या कुरळ्या कडेच्या फोटोवरून मी उत्तर देत नाही.